मिश्रणाची खोली

कारखाना मधोमध कापायचा होता आणि कुठून कापावा ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून आम्ही ते यंत्र आणलं. लोक असली यंत्रं कारखाना वाढवायला आणतात. आमच्या घराण्याची रीतच उलटी!

कारखाना म्हणजे ‘घुंगुरमाळ छाप कांदा-लसूण मसाला’. माझे सासरे आप्पा पट्टणशेट्टी यांनी गडहिंग्लजच्या एमआयडीसीत एका डंक्यावर तो सुरू केला. डंका म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. त्याचा दणका इतका की आमच्या घरात कुणीही हळू बोलायला शिकलंच नाही. आप्पा गेले आणि कारखाना दोन मुलांकडं आला. थोरले बसवराज, म्हणजे आमचे हे. भाजणी त्यांच्याकडं. धणे, तीळ, खोबरं, खसखस सगळं त्यांच्या नजरेखाली भाजलं जातं. धाकटे महांतेश भावजी. कुटण्यापासून पाकीट बंद होईपर्यंतचं सगळं त्यांच्याकडं, आणि मधली मिश्रणाची खोलीसुद्धा त्यांचीच. त्या खोलीत भाजणी आणि कुटलेली मिरची एकत्र होते, आणि तिथून पुढं त्याला मसाला म्हणायचं.

आणि मी गिरिजा, थोरली सून. माझ्या टेबलावर ‘व्यवस्थापक’ अशी पाटी आहे. खरं काम निरोप पोचवायचं.

कारण दोघा भावांत अबोला. पाकिटाच्या रंगावरून सुरू झालेला. ह्यांना लाल हवं होतं, भावजींना पिवळं. शब्दाला शब्द लागला, कुणीतरी कुणाची तरी अक्कल काढली, आणि झालं. पाकीट शेवटी केशरी छापलं, पण बोलणं बंद झालं ते झालंच. बरं, वेगळं व्हावं तर तेही नाही. दोघं एकाच टेबलावर डबा उघडणार, एकमेकांच्या ताटात बघणार, आणि बोलणार माझ्याशी.

हे म्हणायचे, “त्या शहाण्याला सांग, मिरची ओली आलीय. डोळे फुटलेत काय?”

भावजी समोरच बसलेले असायचे. मी त्यांच्याकडं वळून म्हणायची, “भावजी, हे म्हणतायत मिरची जरा दमट वाटतीय. बघता का?”

भावजी म्हणायचे, “त्यांना सांगा, आधी स्वतःची कढई बघा म्हणावं.”

मी परत वळायची. “बघतो म्हणालेत हो.”

अशी वर्षानुवर्षं गेली. इकडचं तिखट तिकडं जाईपर्यंत मी त्यात गूळ घालायची. कामगारसुद्धा सरावले होते. नवीन कोणी आला की त्याला पहिल्या दिवशीच सांगायचे, थोरल्या मालकांचं धाकट्यांना सांगायचं असेल तर आधी वहिनींना गाठ.

वाटणीचं काढलं ह्यांनीच. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “माझा अर्धा मला द्या. घुंगुरमाळची चव भाजणीत आहे, आणि भाजणी माझ्या नाकावर चालते. तो काय, तयार माल पाकिटात भरतो. उद्या मी एकटा उभा राहिलो तरी मसाला माझाच चालणार.”

निपाणीचे शिवाप्पा मामा मध्यस्थ झाले. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ, दोन्ही भाचे त्यांचा शब्द मानणारे. बैठक बसली. जागा, गाळे, डंका, बिनड्रायव्हरचे दोन टेम्पो, सगळ्याला भावजी मान हलवत गेले. ‘घुंगुरमाळ’ हे नावसुद्धा थोरल्याला द्या म्हणाले. एकाच गोष्टीवर अडले.

“वहिनी, दादाला सांगा, मिश्रणाची खोली वाटायची नाही. ती सामाईक राहील. दोघांचाही माल तिथूनच जाईल, आणि तिथं मी उभा राहणार.”

“बघितलंस?” हे उसळले. “नाव देतोय, जागा देतोय, आणि माझ्या मालावर पहारा ठेवतोय. हावरट कुठला!”

ह्या निरोपात गूळ घालायला मला जागाच सापडली नाही. भावजींनी ऐकलं, खाली मान घातली, पण अट काही सोडली नाही. मला त्यांचा राग आला. एवढं सगळं देणारा माणूस एका खोलीसाठी का हटून बसतो?

मामांनी हात टेकले. म्हणाले, “तुमचा कारखाना आतून चालतो कसा, हे तुमचं तुम्हालाच धड माहीत नाही, आणि निघालात कापायला. आमच्याकडच्या एका फौंड्रीवाल्यांनी वाटणीआधी ‘जुळा’ बसवला होता. तुम्ही तो बसवा. तो सांगेल कुठून कापलं तर कोण जगतं.”

*

जुळा घेऊन आली ती समीना मुजावर. इचलकरंजीची पोरगी, इंजिनिअर, बोलायला फटकळ. तिनं एक पिशवी उघडली. आत तिळाएवढे काळे कण.

“काकू, हे आता सगळीकडं चिकटवायचे. कढईला, डंक्याला, टेबलाला, दाराला, आणि माणसांच्या मनगटावर पट्टीत.”

“आणि हे करणार काय?”

“हे ऐकतात, हलणं ओळखतात, गरम-गार ओळखतात. आणि वास घेतात.”

वास घेतात म्हटल्यावर भाजणीतल्या बायका जवळ सरकल्या. समीनानं समजावून सांगितलं. प्रत्येक कणावर वेगवेगळ्या पदार्थांचे अतिपातळ थर असतात. हवेतले वासाचे रेणू त्या थरांवर बसले की थरातून वाहणारी वीज कमीजास्त होते. एकटा थर लसूण ओळखत नाही की धणे ओळखत नाही. पण सगळ्या थरांवर मिळून प्रत्येक वासाची एक वेगळी नक्षी उमटते. धणे तापले की खमंगपणाचे रेणू तयार होतात, आणि थोडं पुढं गेलं की तेच मोडून करपट रेणू होतात. ती वेळ फार थोडी असते. माणसाचं नाक ती पकडतं, आणि आता हे कणही पकडायला लागले होते. कणांना बॅटरी लागत नाही, कारखान्याच्या थरथरीवरच ते चालतात. आमच्या डंक्याच्या दणक्यावर तर ते गावभर चालले असते.

आज ते कण आमच्याकडं कायमचे आहेत. खंडेनवमीला डंक्याबरोबर मी त्यांनाही हळदकुंकू लावते. समीना फोनवरून ओरडते की काकू, त्यांची नाकं बुजतात. बुजू देत म्हणावं एक दिवस.

“पण हे नुसतं बघणं झालं,” समीना म्हणाली. “बघून काही कळत नाही. काकू, तुमची आमटी खारट झाली समजा. मीठ दोनदा पडलं, की पाणी आटलं, की डाळच कमी होती?”

“आमच्याकडं अशा वेळी सून जबाबदार असते.”

ती हसली. “खरं कारण शोधायचं तर तीच आमटी परत करायला पाहिजे, एकेक गोष्ट बदलून. घरात एवढी आमटी कोण खाणार? पण हे कण जे सांगतात त्यावरून संगणकात हुबेहूब दुसरा कारखाना उभा राहतो. तो जुळा. त्यात आपण हवं ते बदलून बघायचं. ही कढई नसती तर? हा माणूस आज आला नसता तर? हजारदा चालवायचा, हजारदा मोडायचा. खऱ्या कारखान्याला ओरखडा पण नाही. मग कळतं कुठली गोष्ट कशामुळं होते.”

कामगार धास्तावलेच. पॅकिंगमधली एक बाई मला म्हणाली, “वहिनी, ‘ही नसती तर’ असं त्यात माझं नाव घातलं तर?” मी तिला सांगितलं, कापायचंय मालकांना, तुला नाही. तरी ती बिचारी आठवडाभर दुप्पट वेगानं पाकिटं भरत होती.

काही आठवड्यांत जुळा शिकून तयार झाला. समीनानं मला एकटीलाच ऑफिसात बोलावलं. भिंतीवर कारखान्याचा नकाशा. कोण कुणाला काय देतो, कोण कुणाचं ऐकतो, त्याच्या रेषा. सगळ्या रेषा मध्ये एका लाल गाठीत जाऊन अडकलेल्या.

“ही गाठ कसली?”

“ही तुम्ही, काकू. कारखान्यातला सगळ्यात मोठा खोळंबा.”

माझा पाराच चढला. “अगं, ह्या दोन रेड्यांच्या मध्ये उभी राहून माझी हाडं खिळखिळी झाली, आणि मी खोळंबा?”

“रागावू नका. मी तुम्हाला वेगळ्याच गोष्टीसाठी बोलावलंय.” तिनं दार लोटलं. “मी मामांनी सांगितल्याप्रमाणं कारखाना कापून बघितला. भाजणी एकीकडं, बाकी एकीकडं. महांतेश काकांचा अर्धा भाग नवीन भाजणीवाला ठेवून मजेत चालतो. बसवराज काकांचा अर्धा चालत नाही. मसाला एक दिवस करपट, एक दिवस कच्चा. चार-सहा महिन्यांत गिऱ्हाईक तुटतं.”

“काहीतरीच काय! त्यांची भाजणी म्हणजे आप्पांची भाजणी. आजपर्यंत एक तक्रार नाही.”

“तेच मला कळेना. म्हणून मी उलटं करून बघितलं. जुळ्यामध्ये भाजणी मुद्दाम बिघडवली. थोडी, मग जास्त, मग पार करपवली. शेवटच्या मसाल्यात फरकच पडत नाही. म्हणजे मध्ये कुणीतरी आहे, जे येईल ती भाजणी सरळ करून पुढं पाठवतं. प्रत्येक घाण्याला.”

तिनं नकाशावर मिश्रणाच्या खोलीवर बोट ठेवलं. तिथं दोन डबे होते. एकात कमी भाजलेले धणे-खोबरं, दुसऱ्यात जास्त भाजलेलं. वरच्या भाजणीतून आलेल्या घाण्याचा वास घ्यायचा, आणि कच्चा असेल तर ह्यातलं, पुढं गेलेला असेल तर त्यातलं मिसळायचं. पार करपलाच तर तो घाणा बाजूला काढून छोट्या कढईत नवा भाजायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते डबे भरून ठेवायचे. आणि हे सगळं करणाऱ्या मनगटावर पट्टी होती महांतेश भावजींची.

समीनानं आवाज खाली आणला. “काकू, बसवराज काकांना वास येत नाही का?”

*

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात तव्यावर लसणाची सालं टाकली आणि जळू दिली. हे बाहेर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. घरभर असा भपका सुटला की शेजारच्या वैनींनी खिडकी लावली.

“अहो,” मी आतून ओरडले, “बघा हो, कसला वास सुटलाय?”

“फोडणीचा!” पेपरमधून डोकं वर न काढता हे म्हणाले. “झकास सुटलाय.”

मी तवा तसाच ठेवून बाहेर आले. एकदम सगळं आठवायला लागलं. दूध उतू जाऊन गॅस विझायचा आणि हे शेजारी बसून असायचे. मी म्हणायची, पुरुषाची जात, ढिम्म हलणार नाही. माझ्या साध्या वरणभातालासुद्धा ‘काय वास, काय वास’ करायचे. मी लाजायची सुद्धा! म्हटलं, नवरा म्हातारपणी गोड व्हायला लागला.

मी हातातली सालं त्यांच्यासमोर धरली. काळी ठिक्कर, अजून धुमसणारी. त्यांनी ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि पेपर खाली ठेवला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तो ताप आला होता बघ, त्यात सगळं गेलं. तोंडाची चव परत आली थोडी. नाक नाही आलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू, गिरिजा? गवयाचा गळा गेला तर तो दुसरं काहीतरी करतो. भाजणीवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर त्यानं कुठं जायचं? आप्पांनी मरताना भाजणी माझ्या हातात दिली होती.” मग जरा ताठ बसून म्हणाले, “पण मी जमवलंय. रंग बघतो, धण्यांची तडतड ऐकतो, खोबऱ्याचं तेल सुटायची वेळ बघतो. नाकाशिवाय भाजतोय इतकी वर्षं. एक तक्रार आली का? सांग, एक तरी आली का?”

मी काय सांगणार? त्या अंगणात, भर उन्हात, मला रडू आलं. त्यांना वाटलं त्यांच्या नाकासाठी रडतीय. माझी समजूत घालायला लागले, म्हणाले, येडी का काय, ह्या वयात नाकाचं काय एवढं.

दुसऱ्या दिवशी मी तडक मिश्रणाच्या खोलीत गेले. भावजी परातीवर वाकलेले होते. बायकांना मी बाहेर पाठवलं आणि ते दोन डबे त्यांच्यासमोर ठेवले.

भावजींनी सगळं ओळखलं. “यंत्रानं सांगितलं होय?” म्हणाले. “मला वाटलंच होतं. वहिनी, एक करा. दादाला सांगू नका.”

“तुम्हाला कसं कळलं होतं?”

“कसं म्हणजे? एक दिवस वरून घाणा आला तो पार कोळसा. दादा कधी असा घाणा खाली पाठवील? मी दारातून बघितलं, तर तो कढईवर वाकून लांब श्वास घेत होता, आणि चेहरा लहान पोरासारखा घाबरलेला. तेव्हाच समजलो.”

“मग माझ्याजवळ तरी बोलायचं होतं!”

“तुमच्याजवळ बोललो असतो तर तुम्ही एक दिवस रडत त्याला सांगितलं असतं.” ते खरंच होतं. “आणि खरं सांगू का, अबोला होता म्हणूनच झाकलं गेलं. बोलणं चालू असतं तर कधीतरी भांडणात माझ्या तोंडून गेलं असतं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, राहू दे असाच अबोला. बोलायचं नाही आणि काम करायचं.”

मी परातीच्या कडेला बसूनच राहिले. ह्या माणसानं रोज भावाच्या तोंडून हावरट, शहाणा, आंधळा असं ऐकून घेतलं. माझ्याच तोंडून, गूळ लावून का असेना. आणि रोज सकाळी भावाच्या आधी येऊन त्याचा घाणा सावरायची तयारी करून ठेवली. वाटणीत नाव सोडलं, जागा सोडली, आणि फक्त ही खोली धरून ठेवली, का, तर वाटणीनंतरही भावाचा माल आपल्या नाकाखालून जावा. ह्याला आम्ही हावरटपणा म्हटलं होतं.

“भावजी,” मी म्हटलं, “मी वयानं मोठी नसते तर आत्ता तुमच्या पाया पडले असते.”

“गप्प बसा वहिनी,” ते म्हणाले आणि डबे उचलून जागेवर ठेवायला लागले.

*

रात्रंदिवस तोच विचार. सांगितलं तर नवरा मोडेल. नाही सांगितलं तर तो आपला अर्धा घेऊन वेगळा होईल आणि मसाल्यासकट बुडेल, आणि सगळ्या बाजारपेठेला कळेल की पट्टणशेट्टीचं नाक गेलं. खोली सामाईक ठेवा म्हणून मी गळ घातली असती, पण कारण कळल्याशिवाय हे ऐकणार नव्हते. आजवर मी प्रत्येक निरोप फिरवून पोचवला. हा निरोप फिरवला असता तर तो उरलाच नसता.

बैठकीच्या दिवशी मी समीनाला म्हटलं, “तू काही बोलू नकोस. यंत्र त्यांच्या हातात दे आणि बाजूला हो. माणूस हुशार आहे. बघेल त्याचं तो.” मामांना मी जेवणानंतर यायला सांगितलं होतं, म्हणजे जे व्हायचं ते आम्हा घरच्यांतच व्हावं.

ह्यांनी ऐटीत खुर्ची ओढली आणि आपला अर्धा कारखाना जुळ्यामध्ये चालवला. पडद्यावर एक हिरवा पट्टा होता. आप्पांच्या चवीच्या मसाल्याचा वास म्हणजे तो पट्टा. ह्यांच्या मसाल्याची रेष त्या पट्ट्यात राहीचना. वर गेली, खाली आली, पुन्हा वर.

“यंत्र खोटं बोलतंय,” हे म्हणाले.

समीनानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानंच गप्प राहा म्हटलं.

“मग आजच्या आपल्या मसाल्याची रेष दाखव,” हे तिला म्हणाले. ती आली, पट्ट्याच्या मधोमध, सुतासारखी सरळ. हे खुश झाले. “बघ! तीच भाजणी, तेच हात.” आणि मग बोलता बोलता थांबले. मग अगदी हळू, आमच्या घरात कुणी बोलत नाही इतक्या हळू म्हणाले, “माझ्या कढईतून बाहेर पडतानाची दाखव.”

समीनानं दाखवली. ती रेष उड्या मारत होती. खोलीच्या ह्या दारात वेडीवाकडी रेष, त्या दारात सरळ रेष. मध्ये एकच खोली.

हे उठले. मी मागं, समीना माझ्या मागं. मिश्रणाच्या खोलीत भावजी परातीवर नाक वाकवून उभे होते आणि हातात डब्यातला चमचा होता. ह्यांना दारात बघून चमचा तसाच राहिला. बायकांचे हात थांबले. हे दोन्ही डब्यांपाशी गेले, एकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. एक फिकं, एक काळपट. त्यांना नाक नव्हतं, पण रंग त्यांच्याइतका कुणाला कळतो?

“गिरिजा,” हे म्हणाले, “ह्याला विचार, हे कधीपासून चाललंय.”

मी पदर खोचून उभी राहिले. “मी नाही विचारणार. तुमचा भाऊ आहे. तुमचं तुम्ही विचारा.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी कुणी परकी बाई. भावजींची मान खाली. पलीकडं डंका दणदण चालू होता. हे वळले आणि तरातरा बाहेर निघून गेले.

संपलं, म्हटलं. माणूस आता घरी जाऊन पांघरूण घेऊन पडेल आणि परत कढईला हात लावणार नाही. हे काय करून बसले मी! भावजी माझ्याकडं बघून म्हणाले, “तुम्हाला सांगितलं होतं, वहिनी.”

एवढ्यात हे परत आले. हातात लांब दांड्याचा झारा, त्यात कढईतून उचललेले गरम धणे, वाफ निघणारे. त्यांच्या मागं भाजणीतल्या सगळ्या बायका, काय झालं म्हणून धावत आलेल्या. हे भावजींच्या समोर जाऊन उभे राहिले. झारा त्यांच्या नाकाखाली धरला. दोन-चार धणे खाली सांडले.

“महांत्या,” हे म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून येत नाही. तू बघ आणि सांग, झालंय का.”

भावजींनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. पाणी गालावर आलं तरी डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, “दादा, कच्चं आहे. अजून हलवायला पाहिजे.”

“कच्चं?” हे म्हणाले. “रंग बघ की!”

“रंगानं काय होतंय?”

“काय होतंय म्हणजे? आप्पा रंगावरच…”

“आप्पा कशाला मध्ये आणतोस? आप्पांना नाक होतं!”

“आणि तू त्या डब्यात एवढं काळं कशाला भाजून ठेवलंयस? धणे आहेत की तंबाखू?”

“तुझा कच्चा घाणा झाकायला तेवढं लागतं!”

बायका बघतच राहिल्या. दोघांचे आवाज डंक्याच्या वर गेले. भाजणी, मिरची, टेम्पो, केशरी पाकीट, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं, आणि ह्यातलं एक अक्षरसुद्धा माझ्यातून जात नव्हतं. भांडता भांडता ह्यांनी भावजींचं मनगट धरलं होतं, ते काही सोडत नव्हते. मी भिंतीला टेकून बसले. देवाचे आभार मानले, त्या काळ्या कणांचे मानले, समीनाचे मानले, आणि ज्यांचे मानायचे ते तर समोरच घसा खरवडून ओरडत होते.

मामा आले तेव्हाही ते चालूच होतं. मामा दारात थबकले आणि घाबरून मला म्हणाले, “अगं, हे काय चाललंय? आणि वाटणीचं काय ठरलं?”

“बसा मामा,” मी म्हटलं. “चहा ठेवते. ते दोघं बोलतायत.”